वनशास्त्राची पदवी: जंगलातली कामे हाताने कशी शिकावीत

महाराष्ट्रात बी.एस्सी. ऑनर्स वनशास्त्र ही चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी कृषी विद्यापीठांतून मिळते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वनशास्त्र महाविद्यालये आहेत. बारावी विज्ञान आणि राज्याची सीईटी, या वाटेने प्रवेश होतो. अभ्यासक्रम साधारण सारखाच असला तरी वसतिगृहाच्या बाहेरचे जंगल सारखे नाही. दापोलीला जांभ्यावरचे ऐन-किंजळीचे रान आणि तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस, तर अकोल्याकडे साग-धावड्याचे कोरडे पानझडी जंगल. दापोलीत शिकणाऱ्याने एकदा तरी मेळघाट किंवा चंद्रपूर पायी पाहावे आणि अकोल्याच्या विद्यार्थ्याने सह्याद्रीतले सदाहरित रान. एकच जंगल पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या जंगलात साधी घेराची यादीही नीट करता येत नाही.

लेखी परीक्षेचा अभ्यास कसा करायचा हे कुणीही सांगेल. इथे आहे ते प्रात्यक्षिकांबद्दल, कारण पुढे वनपरिक्षेत्रात, रोपवाटिकेत किंवा संशोधन केंद्रात काम पडते ते याच गोष्टींशी.

पहिल्या वर्षीच जमवायचे सामान

३० मीटरची फायबर टेप, घेर मोजायची ३ मीटरची पातळ टेप, दहापट मोठे दाखवणारे भिंग, छाटणीची कात्री, होकायंत्र, शिट्टी, गेरू किंवा खडू, पुठ्ठ्याच्या कव्हरची खिशात मावेल अशी वही आणि दोन पेन्सिली. पेन नको. जुलैच्या पावसात शाई पसरते आणि सकाळभराचे आकडे निळ्या डागात जातात. कापडी टेपही नको, ती ओली झाली की ताणली जाते.

याशिवाय एक गोष्ट स्वतः करा. सरळ, हलकी बांबूची काठी घ्या आणि तिच्या टोकापासून १.३७ मीटरवर चाकूने खाच पाडून लाल रंग द्या. भारतात झाडाचा घेर याच उंचीवर घेतात. ‘छातीची उंची’ म्हणतात म्हणून स्वतःच्या छातीवरून अंदाज घेऊ नका. वर्गातल्या उंच मुलाची छाती आणि बुटक्या मुलीची छाती यांत सहज वीस सेंटिमीटरचा फरक असतो आणि तितक्या फरकाने खोडाचा घेर बदलतो.

झाड ओळखणे: पान शेवटी

नवखा विद्यार्थी आधी पान तोडतो. पानझडी जंगलात मार्च-एप्रिलमध्ये बऱ्याच झाडांवर पानच नसते, तेव्हा तो अडतो. म्हणून क्रम लावून घ्या. आधी लांबून झाडाचा आकार, मग साल, मग सालीला नखाने खरवडून आतला रंग आणि चीक, मग खाली पडलेली फळे, आणि शेवटी पान.

ऐन, किंजळ आणि अर्जुन हे त्रिकूट घ्या. तिन्ही टर्मिनेलिया या एकाच वंशातले, आणि तिन्हींत गोंधळ ठरलेला. ऐनाची साल काळपट आणि चौकोनी खवल्यांत तडकलेली, मगरीच्या पाठीसारखी. अर्जुनाची साल पांढुरकी, गुळगुळीत आणि पापुद्रे सुटणारी. तो बहुतेक ओढ्याकाठी सापडतो. किंजळीची साल ऐनाइतकी खोल तडकत नाही. शंका उरली तर झाडाखाली वाका आणि फळ उचला. ऐनाच्या फळाला पाच रुंद, सारखे पंख असतात. किंजळीच्या फळाला तीन, त्यातला एक मोठा आणि दोन लहान. हे फळ तळहातावर फिरवून एकदा पाहिले की जन्मभर चूक होत नाही. सागाचे कोवळे पान बोटांत चोळले की तांबडा रंग उतरतो, ही खूणही पहिल्याच आठवड्यात करून पाहण्याजोगी.

स्थानिक नावांत सावध राहा. एकाच झाडाला कोकणात एक नाव, विदर्भात दुसरे आणि गोंडी-माडिया गावांत तिसरे. वहीत तीन रकाने करा: गावचे नाव, शास्त्रीय नाव, कूळ. गावचे नाव ज्याने सांगितले त्याच्या गावाचेही नाव लिहा, नाहीतर ती नोंद पुढे कुणाच्या कामाची राहत नाही.

महाविद्यालयाच्या आवारात किंवा रोजच्या वाटेवर वीस झाडे निवडून दर पंधरा दिवसांनी त्यांची नोंद ठेवणे हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फळणारा अभ्यास आहे. कोवळी पाने, कळी, फूल, कच्चे फळ, पिकलेले फळ, पानगळ, एवढे सहा रकाने पुरतात. पळस आणि काटेसावर फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात, मोह मार्च-एप्रिलमध्ये, कुसुमाला त्याच सुमारास लालभडक पालवी येते आणि साग फुलतो तो पावसाळ्यात. बी कधी गोळा करायचे, हे रोपवाटिकेचे अर्धे ज्ञान या वहीतून येते.

हर्बेरियमसाठी, म्हणजे दाबून वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, फांदी तोडताना फूल किंवा फळ असलेलीच घ्या. नुसत्या पानांचा नमुना अर्धवट. दोन-तीन पाने उलटी दाबा, म्हणजे खालच्या बाजूची लव आणि ग्रंथी दिसतात. ऐनाच्या पानाच्या मागे, देठाजवळ मुख्य शिरेवर, ग्रंथी असतात आणि त्या उलट्या पानावरच दिसतात. टिपकागद पहिले चार-पाच दिवस रोज बदला. पावसाळ्यात एक दिवस जरी चुकला तरी नमुन्यावर बुरशी धरते आणि पाने काळी पडतात. ठिकाण, तारीख, झाडाची उंची आणि फुलाचा ताजा रंग तिथेच लिहा. वाळल्यावर रंग जातो.

घेर मोजताना

उतारावर झाडाच्या वरच्या बाजूला उभे राहून काठी टेकवा. कललेल्या झाडाला १.३७ मीटर खोडाच्या बाजूने मोजा, जमिनीपासून सरळ वर नव्हे. त्या उंचीवर गाठ किंवा फुगवटा असेल तर त्याच्या खाली आणि वर सारख्या अंतरावर दोन घेर घेऊन सरासरी काढा. १.३७ च्या खाली दुभंगलेले खोड ही दोन झाडे, वर दुभंगलेले एकच. वेल असेल तर टेप वेलीखालून घाला, सुटलेली साल हाताने झटका.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे तिरकी टेप. मोजणारा पुढून पाहतो, टेप मागे खाली घसरलेली असते, आणि घेर जास्त येतो. १०० सेंटिमीटरच्या जागी १०५ वाचले तर घेरात चूक पाच टक्क्यांची, पण खोडाच्या छेदक्षेत्रात, म्हणजे आडव्या कापाच्या क्षेत्रात, ती दहा टक्क्यांवर जाते, कारण क्षेत्र घेराच्या वर्गावर चालते. छेदक्षेत्र काढायला घेराचा वर्ग करून १२.५७ ने भागा. १०० सेंटिमीटर घेराच्या झाडाचे छेदक्षेत्र ७९६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ०.०८ चौरस मीटर.

आकडे घेताना एकाने मोजून मोठ्याने बोलावे, दुसऱ्याने तोच आकडा परत उच्चारून मग लिहावा. ‘सदुसष्ट’ आणि ‘सत्तावन्न’ दाट रानात, किरकिऱ्यांच्या आवाजात, सारखेच ऐकू येतात. आकडे सुटे सांगा: सहा-सात, पाच-सात.

उंची

क्लिनोमीटर हे कोन मोजायचे यंत्र. त्याच्या भिंगात एका बाजूला अंश आणि दुसऱ्या बाजूला टक्के असतात. झाडापासून २० मीटरवर उभे राहून शेंड्याला ७८ टक्के आणि बुंध्याला डोळ्याच्या पातळीखाली ७ टक्के दिसले, तर बेरीज ८५. वीसाचे ८५ टक्के म्हणजे १७ मीटर. बुंधा डोळ्याच्या पातळीच्या वर असेल, म्हणजे झाड चढावर असेल, तर बेरजेऐवजी वजाबाकी. हेच झाड अंशांत ३८ आणि ४ दाखवते. ते आकडे चुकून टक्के म्हणून लिहिले की झाड ८.४ मीटरचे होते. असे अर्धवट उंचीचे रान दरवर्षी कुणाच्या तरी प्रात्यक्षिक वहीत सापडते. म्हणून रकान्याच्या डोक्यावर ‘टक्के’ असे लिहूनच सुरुवात करा.

झाडाच्या अंदाजे उंचीइतके मागे जा. फार जवळून पाहिले तर मोह-जांभळासारख्या गोल माथ्याच्या झाडाची पुढची फांदीच शेंडा वाटते आणि उंची जास्त येते.

यंत्र नसेल तर सपाट जमिनीवर काठीने काम भागते. हात सरळ धरून काठी अशी पकडा की मुठीच्या वरची लांबी डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराइतकी होईल. मग मागे सरकत जा. काठीचे टोक शेंड्याला आणि मूठ बुंध्याला जुळली की तुम्ही उभे आहात तिथून झाडापर्यंतचे अंतर हीच झाडाची उंची.

नमुना क्षेत्र आखणे

०.१ हेक्टरचे चौरस क्षेत्र म्हणजे बाजू ३१.६२ मीटर. पहिला कोपरा ठोकून ३-४-५ मीटरच्या त्रिकोणाने काटकोन काढा. चारही खुंट्या लागल्यावर सपाट जमिनीवर दोन्ही कर्ण ४४.७२ मीटर भरले पाहिजेत. कर्णांत अर्ध्या मीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा आखा. तेव्हा कंटाळा येतो, पण शंभर झाडे मोजून झाल्यावर चूक कळण्यापेक्षा हे परवडते.

उतारावर टेप जमिनीला लावून ३१.६२ मोजले तर नकाशावरचे क्षेत्र कमी भरते, कारण वनक्षेत्र नेहमी आडव्या अंतराने मोजतात. २० अंशांच्या उतारावर उताराच्या दिशेने ३३.६५ मीटर घ्यावे लागतात, ३० अंशांवर ३६.५१. ही दुरुस्ती विसरली तर ३० अंशांच्या उतारावर हेक्टरी झाडांचा आकडा तेरा टक्क्यांहून अधिक चुकतो.

सीमेवरचे झाड आत की बाहेर? खोडाचा मध्य पाहा. मध्य दोरीच्या आत असेल तर झाड आत. प्रत्येक मोजलेल्या झाडावर, क्षेत्राच्या आतल्या बाजूने, खडूची खूण करा. मोजणी संपल्यावर मध्यभागी उभे राहून फिरून पाहिले की बिनखुणेचे झाड लगेच दिसते.

झुडपांसाठी आत ५ बाय ५ मीटरचे आणि गवत-रोपांसाठी १ बाय १ मीटरचे चौकोन घ्या. लहान चौकोन मोठ्या क्षेत्राच्या कोपऱ्यांत आणि मध्यभागी ठेवा, आणि ते झाडांची मोजणी सुरू होण्याआधी करा. नाहीतर चार जणांच्या बुटांखाली रोपटी मोडतात आणि ‘पुनरुत्पादन विरळ’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

जीपीएसवर क्षेत्राच्या सीमा काढायच्या मोहात पडू नका. झाडांच्या दाट छताखाली ते पाच-दहा मीटर सहज चुकते, ०.१ हेक्टरला ती चूक फार मोठी. जीपीएस फक्त एका कोपऱ्याच्या नोंदीसाठी. आणखी एक खाचखळगा विदर्भात हमखास येतो. ७८ अंश पूर्व रेखांश अमरावती आणि वर्धा यांच्या मधून जातो. त्याच्या पश्चिमेला, म्हणजे मेळघाट, अकोला आणि सगळा कोकण, यूटीएम (नकाशासाठी पृथ्वीचे उभे पट्टे पाडण्याची पद्धत) झोन ४३. पूर्वेला नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली झोन ४४. दोन्हीकडची माहिती एकाच झोनमध्ये टाकली की नकाशावर अंतरे आणि क्षेत्रफळे बिघडतात.

लाकडाचे घनफळ

आपल्याकडे जुन्या चालीने लाकूड पाव-घेराच्या सूत्राने मोजतात: मधल्या घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. मधला घेर १.२० मीटर आणि लांबी ३ मीटर असेल तर ०.२७ घनमीटर. खरे घनफळ मात्र ०.३४४ घनमीटर. सूत्र २१.५ टक्के कमी दाखवते आणि तो फरक कापणीत जाणाऱ्या लाकडाचा धरला जातो. अहवालात कोणते सूत्र वापरले ते लिहिलेच पाहिजे. दोन वेगवेगळ्या सूत्रांचे आकडे एका तक्त्यात घालणे ही गंभीर चूक आहे. बल्लारपूरच्या लाकूड आगारात एक दिवस काढता आला तर मोजणी, प्रतवारी आणि थप्पी लावणे या तिन्ही गोष्टी एका जागी पाहायला मिळतात.

रोपवाटिका

सागाचे फळ तसेच पेरले तर उगवण कमी आणि रेंगाळत होते. टणक कवच आणि वरचे लोकरीसारखे आवरण हे त्याचे कारण. फळे पोत्यात भरून रात्रभर पाण्यात ठेवा, दिवसा उन्हात पसरा, आणि हे सात ते दहा दिवस चालवा. ओलावा आणि ऊन यांच्या आळीपाळीने कवच सैल होते. सलग आठवडाभर पाण्यातच ठेवली तर फळे कुजतात. सुकवणे हाही उपचाराचाच भाग आहे. सागाच्या फळात चार कप्पे असतात, म्हणून एका फळातून दोन रोपेही येऊ शकतात. उगवणीची टक्केवारी काढताना शंभर फळांतून उगवलेली फळे मोजली की रोपे मोजली, हे स्पष्ट लिहा.

जांभळाचे याच्या अगदी उलट. ते बी वाळले की मरते. फळ खाल्ल्यावर बी धुवून दोन-चार दिवसांत पेरायचे, डब्यात साठवायचे नाही. कडुनिंबाचे बीही काही आठवड्यांत जीव सोडते. बी कोणत्या जातीचे ते पाहूनच उपचार ठरवा.

पिशवीसाठी माती, वाळू आणि कुजलेले शेणखत २:१:१ या प्रमाणात चाळून घ्या. शेणखत कच्चे असेल तर पिशवीत तापते आणि हुमणीही येते. पिशवी गच्च भरा. सैल भरली तर पाण्याने माती बसून वरचा भाग दुमडतो आणि पाणी आत जात नाही. रोपे एकाच जागी महिनोन्‌महिने ठेवली तर मूळ पिशवीतून जमिनीत शिरते. अधूनमधून पिशव्या हलवा. पिशवीत गोल फिरलेले मूळ लावणीनंतर सरळ होत नाही, आणि तसे झाड काही वर्षांनी वाऱ्यात आडवे होते.

सागासाठी स्टंप, काही भागांत ज्याला जडी म्हणतात, ही पद्धत जुनी आणि भरवशाची. गादीवाफ्यावरचे अंगठ्याएवढ्या जाडीचे रोप उपटा. खोड मानेच्या, म्हणजे खोड आणि मूळ जुळतात त्या जागेच्या, वर अडीच-तीन सेंटिमीटर ठेवून धारदार कोयत्याने तोडा, सोटमूळ १५ ते २० सेंटिमीटर ठेवा, बाजूची मुळे खरवडून काढा. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. चांगला पाऊस सुरू झाल्यावर पहारीने भोक पाडून लावा, मान जमिनीच्या पातळीवर, आणि टाचेने माती घट्ट दाबा. खाली पोकळी राहिली तर मूळ सुकते. वळवाच्या पहिल्या सरीवर भुलून लावलेले स्टंप फुटतात आणि पुढच्या पंधरा दिवसांच्या उन्हात जळतात. पेच इथेच असतो, आणि तो निर्णय वही पाहून नव्हे, जमिनीत हातभर ओल गेली की नाही ते खणून पाहून घ्यायचा.

२ बाय २ मीटरवर हेक्टरी २,५०० झाडे बसतात. विरळणी, म्हणजे मधली काही झाडे काढणे, पुढे ढकलली की सगळी झाडे काठीसारखी उंच आणि बारीक राहतात.

बांबूचे बेट

बांबूची काठी एका हंगामात पूर्ण उंचीची होते आणि नंतर जाड होत नाही, फक्त पक्की होते. नवे कोंब येतात ते मुख्यतः कोवळ्या काठ्यांच्या कंदावरून. म्हणून चालू आणि मागच्या वर्षाच्या काठ्या कधीच तोडू नका. कोवळी काठी हिरवीगार, पेरांवर पांढरी भुकटी आणि खोळी चिकटलेल्या. जुनी पिवळसर, शेवाळ-डागांची आणि ठोकल्यावर खणखणीत. तोड जमिनीपासून पहिल्या-दुसऱ्या पेराच्या लगेच वर घ्या, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. पावसाळ्यात कोंब निघत असताना बेटात शिरूही नये. कडेच्या सोप्या काठ्या तोडून मधल्या जुन्या तशाच सोडणे हा बेट बिघडवण्याचा खात्रीचा मार्ग. मध्य गुंतून जातो आणि पुढे तिथे कोयता चालत नाही.

वनपरिक्षेत्रातले दिवस

शेवटच्या वर्षी वनपरिक्षेत्रात आणि गावात राहून काम करायचे असते. जाण्याआधी त्या वनविभागाची कार्य आयोजना (वनाच्या व्यवस्थापनाचा लेखी आराखडा) वाचा, निदान तुमच्या कक्षाचा, म्हणजे वनाच्या आखलेल्या तुकड्याचा, इतिहास: कधी कूप (तोडीसाठी आखलेला पट्टा) तोडले, कधी रोपवन झाले, वणवा कधी लागला. मग तोच कक्ष वनरक्षकाबरोबर पायी फिरा. कागदावरचे रोपवन जागेवर कसे आहे, हे पाहणे हाच तिथला खरा अभ्यास. गावात तेंदूचा हंगाम असेल तर पुडे बांधायला बसा. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पाने असतात.

कायदे पाठ करण्यापेक्षा जागेवर लावून पाहा. राखीव वनाला १९२७ चा भारतीय वन कायदा, वन्यप्राण्याला १९७२ चा, वनजमीन इतर कामाला वळवायची तर १९८० चा, शेतकऱ्याच्या बांधावरचा साग तोडायचा तर राज्याचा १९६४ चा वृक्षतोड कायदा. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून रानातून मिळणारी वस्तू, आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे बांबूची विक्री ग्रामसभेने केली. हा एक दाखला नीट अभ्यासला तर अर्धा कायदा समजतो.

रानात एकटे जाऊ नका, परवानगी लेखी घ्या, व्याघ्रक्षेत्रात पहाटे आणि तिन्हीसांजेला मोजणी ठेवू नका. बिब्ब्याच्या झाडाखाली फांदी तोडू नका, त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. आग्या मोहोळ दिसले तर तेवढे क्षेत्र सोडा आणि वहीत का सोडले ते लिहा.

पुढच्या परीक्षा

भारतीय वन सेवेची पूर्वपरीक्षा २०१३ पासून नागरी सेवेच्या पूर्वपरीक्षेबरोबरच होते. मुख्य परीक्षेत दोन वैकल्पिक विषय घ्यावे लागतात आणि वनशास्त्राबरोबर कृषी घेता येत नाही. कृषी विद्यापीठातल्या मुलांची इथे नेमकी फसगत होते, म्हणून दुसरा विषय तिसऱ्या वर्षातच ठरवा. वनस्पतिशास्त्र किंवा भूशास्त्र अनेकांना जवळचे पडते. पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर आणि महिलांना १४ किलोमीटर चालण्याची चाचणी असते. राज्यात सहायक वनसंरक्षक आणि वनपरिक्षेत्र अधिकारी ही पदे लोकसेवा आयोगामार्फत भरतात. चालण्याचा सराव डांबरी रस्त्यावर नको. कच्च्या वाटेवर, ज्या बुटांनी चाचणी द्यायची तेच बूट घालून करा. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घातले तर दहाव्या किलोमीटरला टाचेला फोड येतो.